आधी तिच्या भाषेत विचारा

प्रश्न : आम्ही पुण्यात वानवडीला राहतो. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, यंदा दहावीत आहे. हे म्हणतात, दिव्यांग कोट्यातून सरकारी कारकुनी बघू. तिचं लक्ष चित्रांत. चर्चमध्ये भजन चालू असताना उपासनेच्या पत्रकामागे ऑर्गन वाजवणाऱ्यांचे हात काढत बसते. बोलायची सवय मोडेल म्हणून घरी आम्ही खुणा करू देत नाही. रोज प्रार्थना करतो. प्रभूची इच्छा कशी ओळखावी? – एक आई

उत्तर : ताई, प्रभूच्या इच्छेचं तुमच्या पाळकांना विचारा, तो माझा प्रांत नाही. मला खटकलं ते वेगळंच : अख्ख्या पत्रात लेकीची इच्छा कुठे नाही.

आरशासमोर आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ती लहानपणापासून असं अंदाजानं जुळवत आलीय. 'पुढे काय करायचंय?' याचं मनातलं उत्तर तशानं कसं देणार? खुणांनी बोलणं मोडत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंसह नेटवर फुकट आहे. रोज पाच शब्द, आणि तिच्या बाबांनीही बसायचं!

माझ्याकडे आलेल्या एका कर्णबधिर मुलाच्या वडिलांनी बायबलमधला मार्कचा सातवा अध्याय उघडून दाखवला होता. येशू त्या बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, आणि मग म्हणतो, 'मोकळा हो.' ते म्हणाले, "बघा सर, आधी खुणा केल्या."

आता कोटा. २०१६च्या कायद्यानं सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान ४ टक्के जागा आहेत, त्यात १ टक्का कर्णबधिरांना. पण त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणातही किमान ५ टक्के जागा आहेत. म्हणजे बाबा म्हणतात तो कोटा चित्रकलेलाही चालतो. दोन्हीकडे किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर निकालाची वाट न बघता अर्ज करा. शाळेतून एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात का? इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीत धरतात.

टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात तिला घेऊन एक चक्कर मारा. शक्य असेल तर दुभाषा न्या, नाहीतर वही-पेन. प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा.

आणि हो, ती पत्रकं रद्दीत घालू नका. तारीख टाकून फाइलला लावा.