आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. लातूरला राहून व्हॉइस-ओव्हरवर घर चालेल का? माइक कोणता घेऊ?

चालतं. माझं चालतंय, परभणीत बसून. माइकचं खाली सांगते, कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर माझं डोकं फिरलंय: "सुरुवातीला ओळख व्हावी म्हणून फुकट करून द्यायला हरकत नाही ना?"

आहे. हरकत आहे.

माझ्या मामांचा साउंड सर्व्हिसचा धंदा. मंडप, भोंगे, जाहिरातीच्या रिक्षा. मी बारावीत असताना गणपतीत माझं निवेदन ऐकलं आणि मोंढ्यातल्या एका बियाण्याच्या दुकानाची जाहिरात माझ्याकडून बोलून घेतली. चाळीस सेकंद. "या, शेतकरी बांधवांनो, या!" खरिपाच्या तोंडावर महिनाभर, परभणीपुरतीच, असं ठरलं होतं. मला मिळालं काय, तर शाल, नारळ आणि एक प्लेट मुरमुऱ्यांचा सुशीला.

दोन वर्षांनी आजोबा गेले. दहावा गंगाखेडला, गंगेच्या घाटावर. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. अण्णांचा जीव कशात अडकला असेल म्हणून वडील हात जोडून एकेक कबूल करत होते: वावर विकणार नाही, पोरीला शिकवू. शेवटी एक कावळा उतरला, पिंडाच्या वीतभर जवळ आला, आणि वरच्या रस्त्यानं रिक्षा आली. "या, शेतकरी बांधवांनो, या!" मीच! दुकानाचं नाव तेवढं दुसरं, कुण्या घोगऱ्या बाप्याच्या आवाजात मधेच जोडलेलं. कावळा उडाला तो गेलाच. दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. चुलते म्हणाले, "तुह्याच आवाजाला भेला गं."

मामा तिथंच होते. तीन दुकानांना तेच रेकॉर्डिंग विकलं होतं त्यांनी. विचारलं तर म्हणाले, "अगं बाई, तोंडाचंच तर काम हाय. त्याला काय कच्चा माल लागतोय का?"

तर कच्चा माल सांगते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून पहाटे पाचला रेकॉर्डिंग, कारण सहाला शेजारचा बोअर सुरू होतो. इन्व्हर्टरवर लाइट असली की बारीक घूं येते, म्हणून तोही बंद. ऑडिओबुकचा एक तास तयार व्हायला माझे चार तास जातात.

या कामात बोलण्यापेक्षा वापराचे पैसे मोठे असतात. कुठं वाजणार, किती दिवस, रिक्षावर, रेडिओवर की यूट्यूबवर, हे आधी लिहून घ्या. दुकानाचं नाव बदललं तर नवीन बिल. आणि आता एक ओळ जास्तीची लिहायची: हा आवाज एआयला शिकवायला वापरता येणार नाही. 2024 मध्ये अरिजित सिंगला स्वतःच्या आवाजाच्या एआयनं केलेल्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. आपल्याला कोर्टाचा खर्च झेपत नाही, निदान कागद तरी असू द्या. निम्मे पैसे आधी. मोठ्या बिलावर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा होऊन येईल; घाबरू नका, रिटर्न भरा.

माइक. कंडेन्सर म्हणजे बारीकसाही आवाज टिपणारा माइक. यूएसबीवाला सोडला तर त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकला तारेतूनच मिळणारी वीज) देणारा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, लागतो आणि त्याहून जास्त शांतता लागते. आपल्याकडच्या घरात डायनॅमिक माइक बरा, तो लांबचे आवाज कमी टिपतो; अगदी तोंडाजवळ धरायचा. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. (ते मात्र फुकट घ्या.) भिंतींना गोधड्या टांगा. माझ्याकडं त्यांच्यावर सतरा शाली शिवलेल्या आहेत, सगळ्या सत्काराच्या.

न आणि ण घासून नीट करा, 'पानी' चालत नाही. हेल मात्र कुणी पुण्याचा हसला म्हणून पुसून टाकू नका. खत-बियाण्यांची कामं मला त्या हेलावरच मिळतात.

एक राहिलंच, आधी सांगायला हवं होतं. पहिलं दीड वर्ष मी शिकवण्या घेऊन भागवलं, त्यामुळं नोकरी असेल तर लगेच सोडू नका. सिनेमाचं डबिंग करायचं असेल तर मुंबई सुटत नाही; माझं घर ई-लर्निंग, कंपन्यांच्या फोनवरच्या सूचना आणि ऑडिओबुकवर चालतं, आणि त्यातही दोन-दोन महिने कोरडे जातात. आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात निघाली तर आवाजाची परीक्षा जरूर द्या. पैसा थोडा, पण वाचायची शिस्त लागते.

आणि सुरुवातीला एखादं फुकट केलंच, तर शून्याचं का होईना, बिल द्या. त्यावर मूळ दर लिहून सूट दाखवा.

मामांच्या नातीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. "सूत्रसंचालन तुलाच करायचंय बाई," असा मेसेज आला. मी कोटेशन पाठवलंय, नातेवाइकांचे वीस टक्के वजा करून. दोन निळ्या खुणा येऊन चार दिवस झाले.