मणक्याच्या दुखापतीनंतर पाण्यातील व्यायामाने माझा भाऊ पुन्हा चालू लागेल का?

नारळाच्या झाडावरून पडून तुमच्या भावाचा डी-१२ हा छातीच्या भागातला सर्वांत खालचा मणका मोडला, स्क्रू-रॉडच्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले आणि कमरेखाली थोडीशीच हालचाल आहे, असे तुम्ही लिहिले आहे. युद्धात जायबंदी झालेले जलतरणपटू मुरलीकांत पेटकर पोहूनच बरे झाले असे ऐकल्यामुळे त्याला नगरपालिकेच्या तलावात न्यावे का, हा तुमचा प्रश्न आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे रुग्ण पाण्यात उतरवण्याचे काम अनेक वर्षे करते आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

पाण्याने मज्जारज्जू सांधला जात नाही. पाणी शरीराचा भार उचलून धरते: कमरेइतक्या पाण्यात पायांवर जवळजवळ निम्मेच वजन येते, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. त्यामुळे जो स्नायू गादीवर पाय जेमतेम सरकवतो पण हवेत उचलू शकत नाही, ज्याला आम्ही ‘ग्रेड दोन’ म्हणतो, त्याला पाण्यात खरे काम मिळते. वॉकर धरून मिनिटभरही उभा न राहू शकणारा एक गवंडी माझ्याकडे होता. छातीइतक्या पाण्यात दांडा धरून त्याने सहा पावले टाकली. पाण्याखाली माझा हात त्याच्या मांडीवर होता आणि चौथ्या पावलाला तो स्नायू आवळल्याचे मला बोटांना जाणवले. बाहेर काढताच तेच पाय इतके जड झाले की तो बराच वेळ काही बोलला नाही. ती पावले खोटी नव्हती, पण जमिनीवरची पावले त्याला पुढे कित्येक महिने जमिनीवरच्या व्यायामाने मिळवावी लागली. तुमचा भाऊ कुठवर जाईल हे पाण्यापेक्षा इजा पूर्ण आहे की अपूर्ण, म्हणजे इजेच्या खाली मज्जारज्जूतून काही संदेश पोहोचतात की नाही, यावर अधिक अवलंबून आहे. गुदद्वाराजवळची संवेदना तपासून ठरवलेली ‘एशिया’ श्रेणी, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता सांगणारे मोजमाप, डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.

पाण्याचा दुसरा उपयोग पायांच्या ताठरपणावर होतो. २००४ साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, दहा आठवडे पाण्यात व्यायाम केलेल्या रुग्णांची बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीची मात्रा कमी करता आली होती. मात्र ती गोळी स्वतःच्या मनाने कधीही कमी करू नये.

आता तलावाविषयी. उपचाराच्या टाकीतील पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. नगरपालिकेच्या तलावाचे पाणी त्याहून बरेच थंड असते, आणि गार पाण्याने ताठरपणा वाढू शकतो. शिवाय शिडीवरून उतरवताना दोघा-तिघांची ओढाताण होते. लुळ्या पायांची हाडे काही महिन्यांतच ठिसूळ होऊ लागतात आणि अशा ओढाताणीत ती मोडू शकतात. त्यामुळे उताराचा रस्ता किंवा उचलण्याची खुर्ची नसलेल्या तलावात त्याला नेऊ नये, असे माझे मत आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी कॅथेटरने लघवी काढलेली असावी आणि शौचाचा नेम पार पडलेला असावा. बेडसोअर, ताप किंवा पोटरीला नवी सूज असेल तर त्या दिवशी पाणी नाही. डी-६ किंवा त्याच्या वरच्या इजेत भरलेल्या मूत्राशयामुळेही रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. तुमच्या भावाची इजा खाली असल्याने ही भीती फारशी नाही, परंतु पाण्याचा दाब सुटताच चक्कर मात्र येऊ शकते, म्हणून बाहेर काढल्यावर त्याला काही वेळ बसवून ठेवा.

पायांत मोजे हवेतच. एकदा लादीवर लालसर रेघ दिसली म्हणून मी मागे पाहिले, तर रुग्णाचा अंगठा तळाच्या खरबरीत फरशीवर सोलवटला होता आणि त्याला त्याची जाणीवच नव्हती. ती जखम भरायला दोन महिने गेले, आणि मोजे न तपासण्याची चूक माझी होती. तेव्हापासून पाण्याबाहेर आल्यावर टाचा, बोटे आणि बैठकीची जागा मी स्वतः पाहते.

पेटकरांविषयी: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सांगली जिल्ह्यातील जवानाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पण ती दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा होती, म्हणजे पाय पूर्ववत झाल्यामुळे मिळालेले ते पदक नव्हे. तुमच्या भावाला ही गोष्ट सांगाल तेव्हा हेही सांगा, आणि दंडांची व खांद्यांची ताकद आजपासून वाढवायला घ्या. ती त्याला पाण्यातही लागेल आणि खाटेवरून व्हीलचेअरवर सरकतानाही.