पाळीत असह्य दुखतं, सोनोग्राफी मात्र नॉर्मल. एंडोमेट्रिओसिस असेल तर मासे बंद करावेत का?

देवगडची तुमची 24 वर्षांची बहीण, पाळीत शौचाला बसलं की कळ मस्तकात जाते, डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची शंका आहे आणि घरचे म्हणतात मासे सोड. मासे सोडायचं काही कारण नाही. बांगडा, तारली खुशाल खाऊ दे. ज्याने तिचं पोट फुगतं तेवढंच टाळा.

मला राग येतो तो त्या सोनोग्राफीच्या भरवशावर घरी पाठवण्याचा. मी स्त्रीरोग ओपीडीत काम करते, अशा फायली रोज हाताखालून जातात. लग्न न झालेल्या मुलीची तपासणी लघवी तुंबवून पोटावरून करतात. तीत अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ दिसते, पण पोटाच्या आतल्या आवरणावरचे या आजाराचे बारीक ठिपके दिसत नाहीत. गर्भाशयाच्या मागे, गुदाशयाला चिकटलेली गाठही बहुतेकदा निसटते, आणि पाळीत शौचाला दुखणं हे त्याच जागेचं लक्षण. तेव्हा तीच सोनोग्राफी पुन्हा नको. ओटीपोटाचा एमआरआय करा. चिठ्ठीवर 'खोलवरच्या एंडोमेट्रिओसिसची शंका, पाळीत शौचाला वेदना' एवढं लिहून घ्या, म्हणजे वाचणारा नेमकं तिथे बघेल. कोल्हापूर किंवा गोव्याला निघण्याआधी या आजाराचा एमआरआय वाचणारं कुणी आहे का, हे फोनवर विचारा. सीए-125 या रक्ततपासणीवर पैसे घालू नका, त्यावरून निदान होत नाही. एमआरआयही स्वच्छ आला तरी आजार नाहीच असं ठरत नाही. औषध सुरू करायला आधी दुर्बिणीचं ऑपरेशन लागतंच असंही नाही, 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना तेच सांगतात.

दुखण्यासाठी वेदनाशामक गोळी मेफेनॅमिक ॲसिड 500 मिलिग्रॅम, जेवून, दिवसातून तीनदा, पहिले दोन-तीन दिवस. पाळीचा पहिला डाग दिसताक्षणी पहिली गोळी घ्यायची. गडाबडा लोळायला लागल्यावर घेतली तर कळ आणणारी द्रव्यं तोवर तयार झालेली असतात. डॉक्टरांनी डायनोजेस्ट ही या आजारावरची हार्मोनची गोळी दिली तर रोज 2 मिलिग्रॅम, ठरल्या वेळी, खंड न पाडता. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून रक्ताचे डाग लागतात. त्याला घाबरून बऱ्याच जणी गोळी सोडतात आणि दुखणं परत येतं.

आणि 'लग्न करून टाका, एक मूल झालं की थांबेल' हे कुणी म्हणालं तर तोंडावर नाही म्हणा. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना आराम पडतो, पुढे दुखणं परत येऊ शकतं. मागे गाठ असेल तर संबंधाच्या वेळीही दुखतं. अशा मुलीला उपचाराशिवाय बोहल्यावर चढवणं हा तिच्यावर अन्याय आहे. हे मी आयांना सांगत आले आहे आणि सांगत राहणार.

दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मेफेनॅमिक विचारल्याशिवाय नको. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. तसा इशारा 2023 मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानेही दिला आहे. डायनोजेस्ट चालू असताना मूल राहावं म्हणून प्रयत्न करायचे नसतात, आणि गर्भनिरोधक म्हणूनही त्यावर विसंबू नये.