दुचाकीच्या मिस्त्रीच्या हातावर विश्वास ठेवावा की नाही, हे कसे ओळखावे?

बदली होऊन साताऱ्यात आलो आहे, गाडी कोणाच्या हाती द्यावी आणि मिस्त्री चांगला आहे हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. गॅरेजसमोरची गर्दी आणि मिस्त्रीचे बोलणे यांवरून ते कळत नाही. गाडी परत मिळाली की मागच्या चाकापाशी खाली बसावे आणि त्याने उघडलेला प्रत्येक नट स्वतः पाहावा. माझे हे मत एका कॉटर पिनमुळे, म्हणजे नट निसटू नये म्हणून घालायच्या तारेच्या छोट्या खिळीमुळे, झाले आहे.

2019 च्या श्रावणात मागच्या ब्रेकचे लायनर बदलण्यासाठी मी माझी स्प्लेंडर एका मिस्त्रीकडे दिली. त्याचे नाव माझ्या थोरल्या बंधूंनी सुचवले होते, कारण नुसत्या आवाजावरून तो इंजिनातला बिघाड सांगतो असा त्याचा लौकिक होता आणि तो खराही होता. माझ्याच गाडीच्या टायमिंग चेनची खडखड त्याने गाडी स्टँडला लागायच्या आत ओळखली होती. त्यानंतर 9 दिवसांनी, पत्नी मागे बसलेली असताना, कासहून परतताना आम्ही यवतेश्वरचा घाट उतरत होतो. रस्ता ओला होता. एका वळणाआधी मी मागचा ब्रेक दाबला, खालून कडकन आवाज आला आणि चाक जाम होऊन गाडी आडवी झाली. पत्नीचे मनगट मोडले.

ड्रम ब्रेक दाबला की चाकाला आतून घासणाऱ्या शूबरोबर ते ज्यावर बसवलेले असतात ती ब्रेक प्लेटही चाक फिरते त्या दिशेने ओढली जाते, आणि तिला जागेवर धरून ठेवते ती चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांना, बोल्टने जोडलेली एक लोखंडी पट्टी. मागचे चाक काढताना ही पट्टी सोडावी लागते. तिचा नट ढिला होऊन पडू नये म्हणून बोल्टच्या भोकात कॉटर पिन घालायची असते, आणि तीही दर वेळी नवी. आमचा नट घाटात पडला, पट्टी सुटली, प्लेट फिरली आणि तिने ब्रेकचा रॉड मागे ओढून चाक आवळले.

दादा आजही म्हणतात की पिन खड्ड्यांत पडली असेल, माणसाच्या हाताला दोष देऊ नये. मी तो बोल्ट जपून ठेवला आहे. त्याच्या भोकात आरपार चिखल वाळून गच्च बसलेला होता. पिन त्या दिवशी घाटात पडली असती, तर ते भोक रिकामे सापडले असते. पिन मुळात घातलीच नव्हती. मिस्त्रीने नंतरच्या दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, यात दादांना त्याची सचोटी दिसते. सचोटी मला मान्य आहे आणि कानाची पारखही मान्य आहे, परंतु बिघाड ओळखणे, व्यवहार चोख ठेवणे आणि काम पुरे करणे हे तीन वेगळे गुण आहेत, आणि पहिल्या दोहोंवरून तिसरा गृहीत धरल्याची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

आपण आणखी काही गोष्टी पाहू शकता. चेन कव्हरचे रबरी बूच काढून चाक हळू फिरवावे. चेनची दोन टोके जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असले पाहिजे. चेन ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. नटाच्या कडांवर छिन्नीचे घाव दिसले, किंवा गरम इंजिनावरच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला घेतले, तर त्या गॅरेजात पुन्हा जाऊ नये. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत.

इंजिनाच्या आतले काम मात्र अशा पाहणीतून कळत नाही, आणि एकदा पिन विसरलेला माणूस प्रत्येक वेळी विसरेलच असेही मी म्हणणार नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही घाई असते, त्यामुळे तिथेही खाली बसून पाहावेच.

माझ्या गाडीचे मागचे चाक निघाले की मी शेजारी उभा राहतो. दादांना हा मिस्त्रीचा अपमान वाटतो. माझ्या सध्याच्या मिस्त्रीला तसे वाटत नाही. पिनेचे पाय वळवून झाले की तो स्वतःच बाजूला सरकतो आणि ‘बघून घ्या’ म्हणतो.