फेरी उलटी केली, गुडघा तसाच

प्रश्न : वय त्रेचाळीस. घराभोवतीच्या रस्त्यांवर रोज सकाळी धावते. फूटपाथ नाही, म्हणून समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं. हल्ली पंधरा-वीस मिनिटं झाली की एका गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. उतारावर जास्त. थांबले की जाते. मैत्रीण म्हणाली, रोज एकाच दिशेनं फेरी मारतेस, उलटी मारून बघ. बघितली, काडीचा फरक नाही. बूट बदलू का?

उत्तर : बूट राहू देत ताई, आधी रस्त्याकडे बघा. पावसाचं पाणी साचू नये म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता बांधतात. गाडीत बसणाऱ्याला हा उतार जाणवत नाही. डोळ्यांनाही पटकन कळत नाही. मुलांचा चेंडू रस्त्यावर ठेवा, कोणत्या गल्लीत तो कडेला पळतो ते दिसेल. कडेनं धावताना गटाराकडचा पाय दर वेळी जरा खाली पडतो, दुसरा जरा वर. खालच्या पायाचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर जातो, वरच्याचा घोटा आत कलतो आणि या दोघांना सांभाळत कंबर तिरकी राहते. चालताना हे खपून जातं. धावताना प्रत्येक पाऊल वजनाच्या दोन-अडीच पट जोरानं आदळतं, आणि अर्ध्या तासात अशी काही हजार पावलं पडतात.

मैत्रिणीचा सल्ला मैदानातल्या गोल ट्रॅकवर अगदी बरोबर. तिथं दिशा बदलली की वळण दुसऱ्या हाताला येतं. तुमच्या रस्त्यावर काय झालं ते कागदावर काढून बघा. फेरी उलटी केलीत तेव्हाही गाड्यांकडे तोंड हवं म्हणून तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेलात. म्हणजे गटार पुन्हा त्याच हाताला आणि खाली पडणारा पायही तोच! वळणं बदलली, उतार होता तसाच राहिला.

उतार बदलावा म्हणून गाड्यांकडे पाठ करून मात्र धावू नका. गुडघ्यापायी जिवाशी खेळ नको. पुढं रस्ताच नाही अशा एक-दोन गल्ल्या बहुतेक वस्त्यांत असतात, वर्दळ नसेल तेव्हा तिथं मधोमध धावा. एखादं सपाट मैदान असेल तर निम्मी फेरी तिकडे. फेरी दिसायला कंटाळवाणी होईल, होऊ दे.

कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली एक जाड पट्टा जातो. तुम्ही लिहिता ती लक्षणं बऱ्याचदा त्याच्या कुरबुरीची असतात, पण हात लावून खात्री फिजिओथेरपिस्टच करील. तोवर कळ सुरू होण्याआधीच थांबायचं, उतार टाळायचे, आणि घरी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करायचा. सायकल चालेल, पण सीट फार उंच असेल तर हाच पट्टा पुन्हा चिडतो. पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, टाच टेकवायला कंबर कलावी लागू नये. सूज आली, गुडघा अडकला किंवा रात्री ठणकला तर सरळ डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी सायकलवर ऑफिसला जातो. मागच्या गाड्यांना अडथळा नको म्हणून उभ्या गाड्यांना चिकटून चालवतो. बायको म्हणते, गाड्यांपासून दूर, जरा रस्त्याच्या मधल्या बाजूला ये. कोणाचं बरोबर?

उत्तर : वहिनींचं. उभ्या गाडीचं दार उघडलं की साधारण मीटरभर रस्ता अडवतं, आणि उघडणारा माणूस फोन खिशात घालत असतो. त्या मीटरभराच्या बाहेर राहा. दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढच्या गाडीपाशी पुन्हा बाहेर यायचं, असं बरेच सभ्य लोक करतात. मागच्या ड्रायव्हरला मात्र सायकल दर वेळी अचानक उगवल्यासारखी दिसते. सरळ रेघेत चला. रस्ता अरुंद असेल आणि मागच्याला थांबावं लागलं, तर थांबू दे की, दहा सेकंदांनी कुणाचं ऑफिस बुडत नाही.

आणि स्वतः गाडीतून उतरताना दार दाराकडच्या हातानं न उघडता दुसऱ्या हातानं उघडत जा. खांदा आपोआप वळतो, नजर मागं जाते. नेदरलँड्समधली ही सवय आहे. घरातल्या मुलांनाही लावा.

प्रश्न : आम्ही पहाटे अंधारात धावतो. चकचकीत पिवळी जॅकेटं घेतली आहेत. तेवढं पुरे ना?

उत्तर : अंधारात नाही. तो पिवळा रंग दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांमुळे उजळतो. काळोखात ते एक साधं फिकट जॅकेट. हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत फेकणाऱ्या पट्ट्या हव्यात, आणि त्या छातीपेक्षा घोट्यांना आणि गुडघ्यांना. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली दाखवलं होतं की, काळोखात माणसाच्या सांध्यांवरचे नुसते दहा-बारा ठिपके हलताना दिसले तरी बघणाऱ्याला क्षणात कळतं, हा माणूस चाललाय. छातीवरची एकटी चमकती पट्टी खांबावरचीही असू शकते. खाली-वर हलणारे घोटे माणसाचेच. सायकलवाल्यांनीही पट्ट्या घोट्यांनाच बांधाव्यात, शिवाय पुढं-मागं दिवे आहेतच.

प्रश्न : सायकलच्या टायरवर छापलेला हवेचा आकडा गाठायलाच हवा का?

उत्तर : नाही. बहुतेक टायरवर तो कमाल आकडा असतो. खडबडीत रस्त्यावर त्यापेक्षा कमी भरा, हाताला बसणारे हादरेही कमी होतील. पण खड्ड्यात चाकाची रिम ठेचेल इतकी कमी नको.

प्रश्न : आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवलं की दुखापत होतेच, असं ग्रुपवर ठणकावून सांगतात. खरं का?

उत्तर : नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी पाचशेहून जास्त नवख्या धावपटूंवर हे तपासलं. 2008 साली निकाल छापून आला. एका गटानं दहा टक्क्यांच्या बेतानं सावकाश वाढवलं, दुसऱ्यानं जरा वेगानं. दोन्हीकडे साधारण पाचांतल्या एकाला दुखापत झाली. त्यामुळे त्या आकड्याला सोवळ्यात ठेवू नका. धावताना सलग दोन वाक्यं बोलता येतात का, आणि कालचं दुखणं आज पहिल्या पाच मिनिटांत वाढतंय की जातंय, एवढं बघा. वाढत असेल तर त्या दिवशी चालत घरी या, ग्रुपवर काय टाकायचं ते नंतर ठरवा.