तसबीर, छापील चित्र आणि संग्रह : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घराच्या सजावटीसाठी अथवा संग्रहासाठी चित्रे घेण्याविषयीचे प्रश्न आम्ही मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे बडोद्यातूनच आली आणि त्यांतील बऱ्याच पत्रांत रवि वर्मा होते, ही गोष्ट या शहराचा इतिहास पाहता स्वाभाविकच म्हटली पाहिजे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात आजेसासूबाईंच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे. देवीच्या साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. खाली इंग्रजीत 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असे बारीक अक्षरांत छापले आहे. एक गृहस्थ हे 'रवि वर्म्यांचे मूळ चित्र' असल्याचे सांगून विकत मागत आहेत. ते खरे आहे का? आणि ही तसबीर अमेरिकेत असलेल्या मुलाला देता येईल का?

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे त्यावरून हे मूळ चित्र नव्हे, तर छापखान्यात तयार झालेले शिळाछाप चित्र, म्हणजे ओलिओग्राफ आहे, परंतु म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. मूळ तैलचित्र पाहायचे असेल तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जावे. तेथे 'विश्वामित्र-मेनका'सारख्या चित्रासमोर काही मिनिटे उभे राहिल्यास रंगाचा थर, कुंचल्याची ओढ आणि छापील चित्राचा सपाटपणा यांतील फरक कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. सयाजीराव महाराजांनी पुराणकथांवरील चित्रांची मोठी मालिका रवि वर्म्यांकडून करवून घेतली होती, आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनीच, ही चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला चित्रकाराला दिला होता. पुढे रवि वर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला.

शेवटचा तपशील आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रवि वर्मा 1906 मध्ये निवर्तले. छापखाना मात्र त्यांच्याच नावाने पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. त्यामुळे चित्राखाली त्यांच्या छापखान्याचे नाव असणे म्हणजे ते चित्र त्यांच्या हयातीत अथवा त्यांच्या नजरेखाली छापले गेले, असा अर्थ होत नाही. शिवाय ही चित्रे हजारोंनी छापली गेली, म्हणूनच ती मराठी, गुजराती, तमिळ अशा सर्वच घरांतील देवघरांत पोहोचली. दुर्मीळपणा चित्राच्या विषयात नसतो, तो प्रतीच्या अवस्थेत असतो. चारी बाजूंचा कोरा समास शाबूत आहे का, छापखान्याची ओळ कापली गेलेली नाही ना, रंग उडालेले नाहीत ना, हे जाणकार प्रथम पाहतो. जर आणि टिकल्या त्या काळी घरोघरी स्त्रिया हौसेने लावीत. काही संग्राहक अशा सजवलेल्या प्रती मुद्दाम शोधतात, तेव्हा त्या काढून चित्र 'स्वच्छ' करण्याच्या फंदात पडू नये.

प्रत जुनी आहे की अलीकडे छापून चहाच्या पाण्याने पिवळी केलेली आहे, हे आपल्याला घरीही बऱ्याच अंशी पडताळता येईल. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन देवीच्या गालावरील अथवा हातावरील छटा पाहावी. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरला जाई आणि दगडावरचे ठिपके कारागीर हाताने देत असे. त्यामुळे ठिपके लहानमोठे, कुठे दाट तर कुठे विरळ दिसतात, आणि सपाट भागात रंग सलग पसरलेला असतो. आजच्या ऑफसेट छपाईत मात्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंगांचे ठिपके एकाच मापाच्या जाळीत बसलेले असतात आणि त्यांची बारीक फुले फुलल्यासारखी दिसतात. ही जाळी दिसली की विक्रेत्याने काहीही सांगितले तरी ते चित्र त्या काळचे शिळाछाप नव्हे, हे पक्के समजावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पावसाळ्यातील ओलीमुळे जुने चित्र पुष्कळदा काचेला चिकटलेले असते. तसे असल्यास ते ओढून सोडवू नये, कारण रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. चौकट आहे तशी जुन्या कागदी वस्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. सामान्य फ्रेमवाल्याकडे दिल्यास तो समास कापून चित्र फेव्हिकॉलने हार्डबोर्डावर डकवून देण्याचीच शक्यता अधिक, आणि लॅमिनेशन तर कदापि करून घेऊ नये.

आता मुलाविषयी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्यानुसार 'पुरावस्तू' ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी नेता येत नाही. वस्तू त्यात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून मिळते. तेव्हा आपल्या तसबिरीचे वय ठरेपर्यंत ती मुलाच्या सामानात टाकणे धोक्याचे आहे. (रवि वर्म्यांची मूळ चित्रे तर 1979 पासून राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित आहेत आणि ती देशाबाहेर जाऊच शकत नाहीत.) तसबीर घरातच ठेवून तिचे उत्तम स्कॅन करावे आणि सुती कागदावर पिगमेंट शाईने प्रत काढून ती मुलाला द्यावी, असे मला सुचवावेसे वाटते.

प्रश्न : अलकापुरीतील एका दुकानातून मी 'हंस-दमयंती'चे कॅनव्हासवरील चित्र घेतले. त्यावर कुंचल्याचे फटकारे हाताला लागतात, खाली रवि वर्म्यांची सही आहे आणि कोपऱ्यात 37/500 असा आकडा आहे. 'मर्यादित आवृत्ती' असल्याने पुढे किंमत वाढेल, असे दुकानदार म्हणाला.

उत्तर : सजावट म्हणून चित्र आपल्याला आवडत असेल तर ते खुशाल लावावे, मात्र गुंतवणूक म्हणून त्याच्याकडे पाहू नये. मूळ 'हंस-दमयंती' 1899 मधील असून ते तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा कलादालनाच्या संग्रहातील आहे. चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने रवि वर्म्यांची चित्रे आज कोणीही छापू शकतो. एका विक्रेत्याने पाचशेच प्रती काढल्या तरी शेजारच्या विक्रेत्याला पाच हजार काढण्यास कोणताही अटकाव नाही. अशा वेळी 37 या आकड्याला अर्थ तो काय राहिला?

हाताला लागणाऱ्या फटकाऱ्यांविषयी सांगायचे तर चित्र तिरप्या उजेडात धरून पाहावे. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल ब्रशने फिरवलेले असते, आणि ते फिरवणाऱ्याला चित्राशी फारसे कर्तव्य नसते. दमयंतीच्या पदराची कड जेथे संपते तेथे फटकारा संपत नाही; तो पदरावरून थेट मागच्या खांबावर जातो. खऱ्या तैलचित्रात रंग आणि फटकारा ही एकच गोष्ट असल्याने असे कधी होत नाही.

आकडा घालण्याची पद्धत मुळात मुद्राचित्रकारांची, म्हणजे पत्रा, लाकूड अथवा दगडावरून छाप काढणाऱ्या कलावंतांची आहे आणि तिला सबळ कारण आहे. एचिंगमध्ये चित्रकार स्वतः तांब्याच्या अथवा जस्ताच्या पत्र्यावर रेषा काढतो, आम्लाने ती खोल करतो, तीत शाई भरतो आणि ओलसर कागद ठेवून पत्रा यंत्राच्या रुळांखालून काढतो. प्रत्येक छापाबरोबर पत्रा थोडा झिजतो, म्हणून किती प्रती काढायच्या हे आधीच ठरवले जाते आणि आवृत्ती पूर्ण झाली की पत्र्यावर रेघा मारून तो रद्द करण्याची प्रथा आहे. अशा प्रतीच्या खाली डावीकडे आकडा आणि उजवीकडे सही असते, आणि दोन्ही पेन्सिलीने केलेली असतात. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबही कागदावर बोटाला जाणवतो. अशी प्रत ही कशाची नक्कल नसते. तीच मूळ कलाकृती असते. आपल्या कॅनव्हासवरची सही आणि आकडा दोन्ही चित्राबरोबरच छापलेले आहेत.

प्रश्न : गोत्री येथे नवा फ्लॅट घेतला आहे. दिवाणखान्यात पिछवाई लावावी की पिठोरा, असा घरात वाद आहे. नातेवाइकांच्या मते सात घोड्यांचे चित्र असावे.

उत्तर : सात घोड्यांचा प्रश्न वास्तुशास्त्राचा असल्याने तो त्या विषयाच्या जाणकारांकडे सोपवतो; चित्र म्हणून मात्र बाजारात मिळणारे बहुतेक सात घोडे एकाच छायाचित्रावरून धावत सुटल्यासारखे दिसतात. पिठोऱ्यात घोडे आहेतच, आणि ते कितीतरी अधिक देखणे आहेत, तेव्हा नातेवाइकांचीही समजूत पटावी.

पिठोरा हा मूळचा सजावटीचा प्रकारच नव्हे. छोटा उदेपूर भागातील राठवा समाजात नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर पिठोरा लिहून घेतात. तो काढणाऱ्याला लखारा म्हणतात आणि बडव्याच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याच्या, उपस्थितीत विधिपूर्वक हे काम होते. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवण्याची परंपरा आहे. ओळीने जाणारे घोडे हे देवांचे असतात, आणि एकाच भिंतीवर सूर्य, चंद्र, शेत, विहीर, ताक घुसळणारी बाई असे अवघे जग मांडलेले असते. आता राठवा चित्रकार कापडावर आणि कॅनव्हासवरही काम करतात. या कलेसाठी परेश राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. छोटा उदेपूर बडोद्यापासून काही तासांच्या अंतरावर असताना छापील पिठोरा घेणे मला पटत नाही. चित्रकाराकडून थेट घ्यावा, त्याचे नाव चित्रामागे लिहून घ्यावे, आणि आपल्या सोफ्याच्या रंगाशी जुळवण्यासाठी त्याला रंग बदलण्यास सांगू नये.

पिछवाई ही नाथद्वाराच्या श्रीनाथजींच्या मूर्तीमागे लावण्याचे चित्रित वस्त्र. बडोद्यातील वैष्णव घरांत ती पूर्वीपासून आहे. अलीकडे गायी आणि कमळे असलेल्या पिछवाया सर्वत्र दिसतात, त्यांपैकी पुष्कळशा कापडावर यंत्राने छापलेल्या असतात. एकाच चित्रातील दहा कमळे निरखून पाहावीत. हाताने काढलेल्या चित्रात प्रत्येक पाकळीची रेषा थोडी वेगळी उतरते. छापील चित्रात तीच दोन-तीन कमळे आलटून पालटून येत राहतात. छापील पिछवाई घेण्यात काहीच गैर नाही, फक्त तिला हाताने काढलेल्या चित्राची किंमत देऊ नये. मुख्य भिंतीवर दोहोंपैकी एकच लावावी, कारण दोन्ही चित्रे भरगच्च असतात आणि एकमेकींचा जीव घेतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मोठ्या चित्रकारांची चित्रे परवडणे शक्य नाही, पण छोटा आणि खरा संग्रह करावा अशी इच्छा आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपण बडोद्यात राहता, ही अर्धी सोय आधीच झालेली आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा 1950 मध्ये सुरू झाली. इंदुरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे यांनी तेथे चित्रकला शिकवली, आणि ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंतांमुळे मुद्राचित्रण ही या शहराची खास ओळख झाली. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते. तेथे एचिंग, काष्ठछाप, लिनोकट, शिळाछाप हे सारे प्रकार एकाच आवारात पाहायला मिळतात आणि ज्याने छाप काढला तो बहुधा शेजारीच उभा असतो. काय विचारावे असा संकोच बाळगू नये. किती प्रती काढल्या, कोणता कागद वापरला, पत्रा आहे की लाकूड, एवढे विचारले तरी पुरे.

पहिल्या वर्षी काहीही न घेता नुसते पाहावे, असे मी सांगेन. कमाटी बागेतील संग्रहालय व चित्रदालन, कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आणि तांबेकर वाड्यातील मराठा काळच्या भिंती या तिन्ही ठिकाणी जाऊन आल्यावर आपली आवड कोणीकडे झुकते हे आपोआप कळेल. मग एकाच प्रकाराला धरून राहावे. केवळ काष्ठछाप किंवा केवळ कृष्णधवल एचिंग असा आठ-दहा चित्रांचा संग्रह हा पाच शैलींच्या पंचवीस चित्रांपेक्षा अधिक बोलका ठरतो. प्रत्येक खरेदीची पावती घ्यावी आणि तीवर चित्रकाराचे नाव, माध्यम, वर्ष व प्रत क्रमांक लिहून घ्यावा.

फ्रेम करताना आम्लविरहित माउंट, म्हणजे चौकटीतला पुठ्ठा, मागावा आणि तो कागदाच्या दोन्ही बाजूंना असावा, म्हणजे चित्र काचेला टेकत नाही. चित्र डकवू न देता वरच्या कडेला कागदी बिजागरीने टांगून घ्यावे. पश्चिमेच्या उन्हाची भिंत आणि स्नानगृहाला लागून असलेली भिंत टाळावी. जी चित्रे लावायची नाहीत ती गुंडाळी न करता सपाट, मध्ये बटर पेपर घालून ठेवावीत, आणि पावसाळा सरल्यावर एकदा बाहेर काढून कसर लागलेली नाही ना हे तपासावे.