सीलची कवटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी सीलची कवटी घ्यायची आहे. खरी मिळवावी की रेझिनची प्रतिकृती चालेल? आणि कोणत्या जातीची?
– विज्ञान शिक्षिका, सांगली

उत्तर : प्रतिकृतीच घ्या. खऱ्या कवटीच्या मागे लागू नका. सीलच्या कातडीसाठी आणि चरबीसाठी माणसानं इतकी कत्तल केली, की अनेक जातींना कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. अमेरिकेनं १९७२ साली सागरी सस्तन प्राण्यांसाठी कायदा केला आणि अंटार्क्टिक सीलसाठीचा आंतरराष्ट्रीय करारही त्याच वर्षीचा. शिवाय मूळ कवटीवरून साचा काढून ओतलेल्या चांगल्या प्रतिकृतीत दातांचे बारकावे नीट उतरतात. वर्गात ती हातातून हातात फिरवता येते आणि खऱ्या दातासारखी तडकण्याची भीती नसते.

जात निवडायची तर माझं मत क्रॅबइटर सीलला. नाव 'खेकडे खाणारा' असलं तरी तो जगतो मुख्यतः क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जिवांवर. त्याच्या दाढांवर वळणदार, खाचा असलेली टोकं असतात. जबडा मिटला की वरची-खालची टोकं एकमेकांत बसतात आणि चाळणी तयार होते. तोंडात घेतलेलं पाणी बाहेर जातं, क्रिल आत राहतो. शेवटच्या दाढेमागे फट राहिली असती, पण तिथं खालच्या जबड्याचा हाडाचा उंचवटा येतो. मुलांना तो बोटानं चाचपू द्या.

एक उणीव मात्र लक्षात ठेवा. सीलच्या नाकात कागदासारख्या पातळ हाडांची गुंडाळी असते. उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा ती धरून ठेवते. ओतीव प्रतिकृतीत हा भाग बहुधा भरीव येतो. त्यासाठी फळ्यावर आकृती काढावी लागेल.

प्रश्न : आमची मुलं प्रतिकृती पाहून 'ही कुत्र्याची कवटी' म्हणाली. इतकी मोठी चूक कशी होते?
– शिक्षक, चिपळूण

उत्तर : मुलांची नजर चांगली आहे, त्यांना रागावू नका! सील हे मांसभक्षी गणातलेच, कुत्रा-अस्वल-मुंगूस ज्या गणात येतात त्याच गणातले. त्यातही मुंगसापेक्षा कुत्रा आणि अस्वल यांना जवळचे. कॅनडाच्या डेव्हन बेटावर सापडलेला, २००९ मध्ये वर्णन झालेला 'पुइजिला' हा जीवाश्म सीलच्याच कुळाचा. त्याला वल्ह्यांऐवजी चार पाय होते.

आता फरक दाखवा. सीलच्या डोळ्यांच्या खोबण्या प्रचंड मोठ्या आणि मधलं हाड अगदी अरुंद. अंधाऱ्या पाण्यात पाहायचं असतं ना. कुत्र्याच्या मागच्या दाढा कात्रीसारख्या मांस कापतात, सीलला तशा दाढा नसतात. बहुतेक सील भक्ष्य गिळूनच टाकतात. आणखी एक गंमत : सीलला डोळ्यांतून नाकात जाणारी अश्रूनलिका नसते, म्हणून किनाऱ्यावर पहुडलेल्या सीलच्या गालांवर ओघळ दिसतात. तो रडत नसतो.

प्रश्न : मागवलेल्या वेडेल सीलच्या प्रतिकृतीत पुढचे दात झिजलेले आहेत. माल परत करू का?
– संग्राहक, नाशिक

उत्तर : मुळीच नको, तीच तिची खरी किंमत आहे. वेडेल सील अंटार्क्टिकात किनाऱ्याला जखडलेल्या बर्फाखाली राहतो. तासाभराहून अधिक वेळ तो बुडी मारू शकतो, पण श्वासाला वर यावंच लागतं. बर्फातलं भोक गोठू नये म्हणून तो पुढं झुकलेले पटाशीचे दात आणि सुळे त्यात रोवतो आणि डोकं डावी-उजवीकडे फिरवत बर्फ किसतो. वर्षानुवर्षांच्या या कामानं दात झिजतात. दात पार संपले की भोक राखणंच अवघड होतं. तुमच्या कवटीचा मूळ मालक बहुधा वयस्कर असावा.

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ३९ वर भुंकणारे प्राणी सीलच का?
– वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : ते सी लायन, सीलचे भाऊबंद. बाहेर दिसणारे छोटे कान आणि मागचे पाय पुढे वळवून चालणं, ही त्यांची खूण. कवटीवर डोळ्यांच्या वर हाडाचं टोक येतं, ते खऱ्या सीलला नसतं. खरे सील पाहायचे तर हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला आन्यो न्वेव्हो या किनारी उद्यानात जा. तिथले एलिफंट सील एकेकाळी शिकारीनं जवळपास संपले होते. आज तिथं नरांची झुंज आणि नवजात पिल्लं दोन्ही बघायला मिळतात.